शाळेवरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे आहेत: ॲस्बेस्टॉसची तपासणी, काढणी आणि विल्हेवाट

ओसरीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या इमारत समितीसाठी माहिती हवी आहे. बांधकाम १९८४ सालचं. सहा वर्ग एका रांगेत, लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यावर सिमेंटचे नागमोडी पत्रे. पाखी मिळून छत साधारण साठ मीटर लांब आणि सव्वासहा मीटर रुंद, म्हणजे चार हजार चौरस फूट. पत्र्यांवर शेवाळ आहे, पाच-सहा ठिकाणी चिरा गेल्यात, बोल्टांच्या भोकांतून गळतं. खाली सीलिंग नाही, मुलांच्या डोक्यावर थेट पत्रा.

कंत्राटदाराचं म्हणणं असं: दोन दिवसांत छत मोकळं करून देतो, चांगले पत्रे गोठ्यासाठी शेतकरी घेतात, ते पैसे बिलातून वजा करू, फुटके भरणीत जातील. समितीत दोघांनी ॲस्बेस्टॉसची शंका काढली आणि गाडी अडली.

प्रश्न हे:
१. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नक्की कसं ठरवायचं?
२. उतरवायलाच हवेत, की वरून काही लेप देऊन भागेल?
३. उतरवायचे तर पद्धत काय? सामान किती लागेल?
४. उतरवलेला माल कुठे द्यायचा?

---

सूक्ष्मदर्शी

डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण १९८४ सालचा सहा मिलिमीटर जाडीचा नागमोडी सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस, असं धरूनच चालायचं. चाचणी करायची ती 'नाही' हे सिद्ध करण्यासाठी. आपल्याकडे या पत्र्यांवर सरसकट बंदी नाही, आयएस ४५९ या मानकाप्रमाणे ते बनतात आणि विकले जातात. त्यामुळे मधल्या काळात दुरुस्तीत बसवलेला 'नवा' पत्रासुद्धा सुटत नाही.

नमुना घ्यायची रीत अशी. एकाच काळात बसवलेला, एकाच जातीचा दिसणारा भाग म्हणजे एक गट. तुमच्याकडे बहुधा तीन गट निघतील: मूळ पत्रे, आढ्यावरची रिजची झाकणं आणि नंतर बदललेले पत्रे. प्रत्येक गटातून निदान दोन नमुने. आधीच फुटलेल्या कडेपासून अंगठ्याच्या नखाएवढा, दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. ड्रिल मारायचं नाही, करवत लावायची नाही. जागा पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओली करायची, पकडीने तुकडा अलगद मोडायचा, कडेला रंग किंवा चिकटपट्टी लावून ती बंद करायची. तुकडा झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, बाहेरच्या पिशवीवर क्रमांक, आणि तोच क्रमांक छताच्या नकाशावर. पकड दर नमुन्यानंतर ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर पहिल्या नमुन्याचा तंतू दुसऱ्यात जातो आणि अहवाल खोटा ठरतो. फडकंही पिशवीतच.

प्रयोगशाळेला 'पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपी' करायला सांगा. तंतूचा अपवर्तनांक जुळणाऱ्या द्रवात तो पाहतात; पांढऱ्या ॲस्बेस्टॉससाठी, म्हणजे क्रायसोटाइलसाठी, १.५५० चा द्रव वापरतात. नुसत्या एक्स-रे डिफ्रॅक्शनवर समाधान मानू नका. खनिज कोणतं ते त्यात कळतं, ते तंतूच्या रूपात आहे की नाही ते कळत नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढं पुरेसं नाही, मान्यतेच्या व्याप्तीत ॲस्बेस्टॉसची ही चाचणी आहे का ते वाचून बघा. बऱ्याच ठिकाणी मान्यता पाण्याची आणि सिमेंटच्या ताकदीची असते. अहवालात तंतूचा प्रकार लिहून घ्या. पांढरा बहुतेक असतोच, पण जुन्या मालात, विशेषतः दाबाच्या सिमेंट पाइपांत, निळा (क्रोसिडोलाइट) किंवा तपकिरी (अमोसाइट) मिसळलेला सापडू शकतो, आणि ते दोन्ही पांढऱ्यापेक्षा वाईट.

छतापाशी थांबू नका. शाळेत आणखी कुठे बघायचं: पागोळीचं पाणी खाली आणणारे सिमेंटचे पाइप, सिमेंटची पाण्याची टाकी, सपाट शीटची पार्टिशनं, विजेच्या जुन्या बोर्डामागची राखाडी पाटी. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात बर्नरवर ठेवायच्या जुन्या तारेच्या जाळ्या. मधला तो पांढरा गोल म्हणजे निव्वळ ॲस्बेस्टॉस, सिमेंटात न बांधलेलं, वापरून वापरून भुगा होणारं. छताइतकीच घाई त्यांची करा. ओल्या करून दुहेरी पिशवीत बंद करा. बाजारात सिरॅमिकच्या मिळतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पत्रा शाबूत असेल आणि कुणाचा हात लागत नसेल तर तो जागेवर ठेवणं हाही रास्त निर्णय असतो. नोंद करायची, वर्षातून एकदा पाहणी करायची, त्यात खिळा ठोकायचा नाही. लेप देतात तोही शाबूत पत्र्यावरच. तुमच्याकडे चिरा आहेत, शेवाळाने वरचा थर पोखरलाय आणि खाली सीलिंग नाही. त्यावर लेप द्यायचा तर आधी शेवाळ खरवडावं लागणार. तारेचा ब्रश किंवा प्रेशर वॉशर मारला की पृष्ठभागावरचे तंतू सुटून वर्गात, अंगणात, शेजारच्या भिंतीवर बसतात. तेव्हा उतरवा.

---

खवचट

उगाच बाऊ चाललाय. अर्धा महाराष्ट्र या पत्र्यांखाली जन्मला आणि मोठा झाला. आठ-दहा टक्के तंतू, बाकी सगळं सिमेंट. अंतराळवीरासारखे कपडे घालून पत्रे उतरवायला शाळेकडे पैसे कुठून येणार?

---

सूक्ष्मदर्शी

@खवचट, टक्केवारी बरोबर आहे, आणि पत्रा शांत पडून असताना धोका थोडा, हेही खरं. वर तेच लिहिलंय. पण प्रश्न पत्र्याखाली बसण्याचा नसून पत्रा फोडण्याचा आहे. एका पत्र्याचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो, त्यातले दहा टक्के म्हणजे चार किलो तंतू. हातोड्याने फोडून वरून खाली फेकला तर त्यातला चिमूटभर सुटला तरी पुष्कळ झाला, कारण श्वासात जाणारा तंतू तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. तो दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगतो. फुफ्फुसात गेलेला विरघळत नाही. आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात, म्हणून 'अमक्याला काही झालं नाही' हा पुरावा ठरत नाही. पत्रे उतरवणारा मजूर हे काम वर्षाकाठी वीस ठिकाणी करतो; खरा डोस त्याला बसतो. आणि तो बिडी ओढत असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपायला सांगितलं. एवढी वर्षं का, ते या विलंबावरून कळतं.

---

कैची-पर्लिन

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. लांबेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट. या कामात माणूस पहिल्यांदा धुळीने मरत नाही, पत्र्यातून खाली पडून मरतो. जुना पत्रा वरून दणकट दिसतो आणि पाय ठेवताच आरपार जातो. बोल्टांच्या ओळीवरून चाललं की चालतं, हा समज जीवघेणा आहे. म्हणून पत्र्यावर कुणीही चढायचं नाही. तुमच्या छताची उंची पाहता खालून काम करणं शक्य आहे: वर्गात चाकांची परांची किंवा सिझर लिफ्ट, बाहेर बूम लिफ्ट. वर जाणं टळतच नसेल तर कैचीपासून कैचीपर्यंत टेकणाऱ्या फळ्या, खाली जाळी, आणि पूर्ण अंगाचा हार्नेस कैचीला बांधलेल्या लाइफलाइनला. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही.

वेळ. शाळेची मे महिन्याची सुट्टी घ्या, दुसरी मिळणारही नाही. पण मेमध्ये बंद सूट आणि मास्क घालून दुपारी काम केलं तर माणूस उष्माघाताने आडवा होईल. सकाळी सहा ते साडेदहा, बस. वळवाचा वारा सुटतो तो दुपारनंतर, म्हणून तेव्हा छत अर्धवट सुटं नको. रोज जेवढं सोडलं तेवढं बांधून खाली. या हिशेबाने दिवसाला तीस-पस्तीस पत्रे होतात. तीन मीटरचा पत्रा १.०५ मीटर रुंद असतो. कडेचा अर्ध्या नागमोडीचा आणि टोकाचा १५० मिलिमीटरचा लॅप, म्हणजे एकावर एक चढलेला भाग, वजा जाता पावणेतीन-तीन चौरस मीटर झाकतो. म्हणजे तुमचे १३० च्या आसपास पत्रे, साडेपाच टन वजन, चार ते पाच सकाळी. 'दोन दिवसांत मोकळं' याचा अर्थ फोडून मोकळं, दुसरा नाही.

तयारी. वर्गातले बाक, काळे फळे, नकाशे, पंखे बाहेर. जे निघत नाही ते प्लास्टिकने झाकून टेपने बंद. वीज मुख्य स्विचला बंद करून कुलूप, कारण पाणी मारायचं आहे. इमारतीभोवती तीन मीटर आणि वर्गांच्या जमिनीवर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरायचं. दुकानात ते ८०० गेज म्हणून आणि किलोवर मिळतं. बाहेरची पट्टी चारशे चौरस मीटर, पत्रे गुंडाळायला दीडशे, फाटतूट धरून सहाशे म्हणजे सुमारे ११० किलो; वर्गांतलं अंथरूण यात धरलेलं नाही, त्याचे आणखी सत्तर-ऐंशी किलो. दहा मीटरवर दोरी आणि फलक, आत येईल तो मास्क घालूनच.

माणसाच्या अंगावर काय. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क म्हणजे काहीच नाही, एन९५ सुद्धा या कामाला धरू नका. रबराचा अर्धा मास्क आणि पी३ किंवा पी१०० फिल्टर. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला बसत नाही, दाढी काढलेला माणूसच घ्या. एकदा वापरून टाकायचा टोपीसह सूट (टाइप ५/६), टोपी मास्कच्या पट्ट्यांवरून, मनगट आणि घोटा टेपने बंद, नाडी नसलेले गमबूट. सूट बाहेर आल्यावर पुन्हा घालायचा नाही. सहा माणसं, पाच दिवस, दिवसाला दोन: साठ सूट झाले, पण सत्तर आणा, दहा फाटतातच.

पाणी. शेतीचा पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप उत्तम, पण नवा आणा. औषध मारलेला पंप या कामाला नको आणि हा पंप नंतर शेतात नको. टाकीत भांड्याच्या द्रव साबणाचे दोन-तीन चमचे घाला, नुसतं पाणी शेवाळावरून ओघळून जातं, साबणाचं मुरतं. नोझल धुक्यावर. पत्रा ओला दिसला पाहिजे, पाणी गळायला लागलं की थांबा. जोराचा पाइप किंवा प्रेशर वॉशर अजिबात नाही.

क्रम. बसवताना पत्रे पागोळीकडून आढ्याकडे चढवत नेलेले असतात, काढताना उलट. आधी रिजची झाकणं, मग वरची ओळ, मग खालची. आडव्या ओळीत जो पत्रा शेवटी बसला तो आधी निघतो; कोणत्या बाजूची नागमोड वर आहे ते बघितलं की कळतं. चुकीच्या टोकाने सुरुवात केली की दाबलेला पत्रा ओढावा लागतो आणि कोपरा तुटतो. निम्मी मोडतोड इथेच होते.

बोल्ट. चाळीस वर्षांचा जे-बोल्ट (खाली आकड्यासारखा वळलेला) गंजून वॉशरसकट एकजीव झालेला असतो. पाना लावला तर बोल्ट फिरतो, सोबत पत्रा रगडला जातो आणि भोकाभोवती भुगा पडतो. आधी वॉशरवर पीव्हीए गोंदाचं दाट पाणी किंवा दाढीचा फेस, मग खालच्या बाजूने, पर्लिनच्या (कैच्यांवरच्या ज्या आडव्या पट्टीला पत्रा अडकवतात तिच्या) आकड्यापाशी बोल्ट कटरने तोडायचा. ग्राइंडर नको: पातं सरकून पत्र्याला लागलं तर मिनिटाभरात जेवढी धूळ होते तेवढी अख्खं काम नीट केलं तर होत नाही. बोल्ट वर ओढायचा नाही. पत्रा चारी बोल्टांवरून मोकळा करून सरळ उचलायचा.

उतरवणं. दोन माणसं, दोन टोकं. फेकायचा नाही, घसरवायचा नाही. पत्र्यावर पत्रा घासला तरी कड झिजते. खाली लाकडी ओंडक्यांवर अंथरलेल्या दुहेरी प्लास्टिकवर वीस-वीसची थप्पी, मधून फवारा. वीसची थप्पी साडेआठशे-नऊशे किलो होते. हायड्रा क्रेनने उचलायची तर पट्टा ओंडक्यांखालून, प्लास्टिकवर साखळी नाही. एक थर गुंडाळून टेप, त्यावर दुसरा थर, मग टेप. सात थप्प्या होतील. आधीचे फुटके तुकडे आणि कचरा वेगळ्या जाड पिशव्यांत, पिशवी निम्मीच भरायची, मान पिळून दुमडून टेप, मग दुसऱ्या पिशवीत. पत्रा पिशवीत मावत नाही म्हणून मोडायचा, हा मूर्खपणा सर्रास चालतो.

सफाई. झाडू बंद. घरचा व्हॅक्यूम तर बंदच, तो बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा एच वर्गाचा व्हॅक्यूम भाड्याने घ्या. कैच्या, पर्लिनचे खाचे, भिंतीचा माथा त्याने, मग ओल्या फडक्याने. फडकं घडी बदलत एकदाच वापरायचं. पन्हळीतला गाळ विसरू नका. चाळीस पावसाळ्यांत पत्र्यावरून धुपलेले तंतू तिथेच साठलेत. ओला असतानाच खोऱ्याने पिशवीत. पागोळीखालच्या मातीत तुकडे दिसले तर वरची दोन-तीन इंच मातीही.

बाहेर पडताना: आधी सूट आणि बूट ओल्या फडक्याने पुसायचे, मग सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा, मास्क सगळ्यात शेवटी. मास्क आधी काढतात, म्हणून सांगतोय. मग अंघोळ. घरचे कपडे आत न्यायचे नाहीत, आणि सुटाखालचे कपडे बायकोने धुवायचे नाहीत. कामगारांच्या घरातल्यांना झालेले आजार याच वाटेने आलेले आहेत.

---

मळीवाला

थोडं विषयांतर. साखर कारखान्याच्या जुन्या बॉयलर हाऊसमध्ये स्टीमच्या पाइपांवर पांढरा, टणक लेप आहे, वर कापड आणि चुन्यासारखा थर. ऑफ सीझनमध्ये पाइप बदलायचे आहेत. त्यालाही हीच पद्धत?

---

सूक्ष्मदर्शी

@मळीवाला, नाही, आणि थांबा. पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात. पाइपावरचं लॅगिंग (उष्णता धरणारा लेप), भट्टीच्या दाराची दोरी, मिलबोर्ड (पुठ्ठ्यासारखी पाटी) यांत ते सुटे असतात, हाताने चुरगळलं तरी निघतात. प्रमाणही कितीतरी जास्त. आधी नमुना, आणि पूर्ण खोलीपर्यंत, पाइपाच्या धातूला टेकेपर्यंत. वरचा थर नंतरच्या दुरुस्तीचा आणि आतला जुना असं नेहमी निघतं. एकाच लाइनवर दर दहा-पंधरा फुटांवर माल वेगळा असू शकतो: एक तुकडा कॅल्शियम सिलिकेट, पुढचा ॲस्बेस्टॉस मिसळलेला मॅग्नेशिया.

ॲस्बेस्टॉस निघालं तर कामाचा भाग प्लास्टिकने पूर्ण बंद करून, हेपा फिल्टरच्या पंख्याने आतली हवा बाहेर ओढून, आत कमी दाब ठेवून काम करायचं. अमेरिकी नियमात ताशी निदान चार वेळा हवा बदलणं आणि पाण्याच्या ०.०२ इंचाइतका कमी दाब सांगितलाय. तीन कप्प्यांची वाट: मळके कपडे, शॉवर, स्वच्छ कपडे. सुट्या सरळ पाइपाला किंवा व्हॉल्व्हला ग्लोव्ह बॅग चालते: दीडशे मायक्रॉनची पिशवी पाइपाभोवती बंद करायची, धूर सोडून गळती बघायची, आत फवारा, आतल्या हातमोज्यांनी लेप काढायचा, उघडी टोकं लेपाने बंद, मग व्हॅक्यूमने हवा ओढून पिशवी चपटी करून, पिळून कापायची. पिशवी एकदाच, पुढे सरकवायची नाही. पाइप थंड हवा, ६५ अंशांवर प्लास्टिक टिकत नाही. फ्लँजमधल्या (पाइपांच्या जोडातल्या) जुन्या सीएएफ, म्हणजे दाबलेल्या ॲस्बेस्टॉसच्या, गॅस्केटला तारेचा ब्रश लावतात, तो सोडा. ओली करून पत्तीने खरवडा.

हे काम हंगामी मजुरांकडून करून घेऊ नका.

---

मेलबर्नकर

इकडची पद्धत तुलनेसाठी. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, पण जुन्या घरांत भरपूर शिल्लक आहे. सिमेंटात बांधलेला माल १० चौरस मीटरपेक्षा जास्त काढायचा तर ब वर्गाचा परवाना, सुटा माल कितीही असो अ वर्गाचा. काम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी नियामकाला कळवायचं. काढणाऱ्या कंपनीशी संबंध नसलेला माणूस येऊन पाहतो आणि जागा मोकळी झाल्याचा दाखला देतो. तोवर कुणाला आत जाता येत नाही. सुट्या मालाच्या कामात दाखल्याआधी हवेची मोजणी दर मिलिलिटरला ०.०१ तंतूच्या खाली यावी लागते. काढणारा आणि पास करणारा वेगळा, एवढी एक गोष्ट तुम्ही परवान्याशिवायही उचलू शकता.

---

कैची-पर्लिन

@मेलबर्नकर यांचा मुद्दा पटला. फक्त एक पुस्ती: पत्र्यांच्या उघड्यावरच्या कामात हवेची मोजणी दुय्यम, डोळ्यांची पाहणी मुख्य. पर्लिनवर काळं सुती फडकं फिरवून बघा, पांढरट आलं तर सफाई पुन्हा. हवा मोजायचीच तर वर्ग बंद करून, धूळ मुद्दाम थोडी हलवून मोजा. साध्या फेज कॉन्ट्रास्ट (प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या) मोजणीत सुती धागा आणि जिप्समचा तंतूही मोजला जातो, त्यामुळे आकडा जास्त आला तर घाबरण्याआधी तोच फिल्टर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पाठवायचा.

नव्या छताबद्दल विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. सिमेंटचा पत्रा लॅप धरून चौरस मीटरला पंधरा किलो, रंगीत लोखंडी पत्रा पाच. लोक म्हणतात, वजन कमी झालं, कैचीला आराम. वाऱ्याचं गणित उलट आहे. वाऱ्याच्या भाराच्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला आणि नागपूरला ४४. ३९ ला सुद्धा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या घरात जातो, आणि तो छत वर ओढतो. आधीचे दहा किलो दाबून धरत होते, तेही गेले. कैची भिंतीत कशी अडकवली आहे ते उघडून बघा. १९८४ च्या बांधकामात नुसती टेकवलेलीही असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात छपरं उडाली, ते सगळं पत्र्याच्या जाडीवर गेलं नव्हतं, बांधणीवरही गेलं होतं. पर्लिनचं अंतर सहा मिलिमीटरच्या सिमेंट पत्र्याला १.४ मीटरपर्यंत असतं. नवा पत्रा त्याला चालतो का ते त्याच्या उत्पादकाच्या तक्त्यात बघा. आणि खाली इन्सुलेशन घ्या, नाहीतर उन्हाळ्यात आणि पावसाच्या आवाजात वर्ग चालणार नाही.

---

कागदी घोडा

चौथा प्रश्न राहिलाय, आणि खरं तर कामाची सुरुवात तिथून करायला हवी. माल जाणार कुठे ते ठरल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. नाहीतर सात थप्प्या पटांगणात पडून राहतात, प्लास्टिक उन्हाने फाटतं, आणि जूनमध्ये मुलं त्यावर चढतात.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पहिल्या परिशिष्टात क्रमांक १५ खाली 'टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस' आहे. ती नोंद उत्पादनाच्या मथळ्याखाली असल्यामुळे शाळेला ती लागू नाही असं म्हणणारे भेटतील. वाद घालू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या उपप्रादेशिक कार्यालयाला पत्र द्या: इमारत, अंदाजे साडेपाच टन, प्रयोगशाळेचा अहवाल जोडून, 'विल्हेवाटीबाबत मार्गदर्शन व परवानगी मिळावी'. पोच घ्या.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याच्या सामाईक जागा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. साताऱ्याहून रांजणगाव जवळचं. तिथे आधी नोंदणी आणि नमुन्याची तपासणी, मग ते दर सांगतात. ॲस्बेस्टॉस जाळत नाहीत, सुरक्षित भरावात गाडतात. त्यामुळे दर टनावर असतो आणि माल नीट गुंडाळलेला नसेल तर गाडी परत पाठवतात. वाहतूक अधिकृत गाडीनेच. नमुना ८ चं लेबल प्रत्येक थप्पीवर, नमुना ९ चं कार्ड ड्रायव्हरकडे, नमुना १० चं मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे गेला त्याचा कागद) सात प्रतींत. साठवणूक ९० दिवसांच्या आत संपवायची. मार्चमध्ये पत्रव्यवहार सुरू केला तर मेमध्ये गाडी मिळते; एप्रिलमध्ये केला तर नाही.

पत्रे गोठ्यासाठी विकणं सपशेल नाही. शेतकरी ते घरी नेऊन ग्राइंडरने कापणार आणि नव्या बोल्टाला ड्रिल मारणार. भरणीत टाकणंही नाही: तंतू कुजत नाही, पुढच्या वेळी पाया किंवा पाइपलाइन खोदली की तोच माल जेसीबीच्या दाताखाली येतो.

---

ओसरीवरचा

सर्वांचे आभार. समितीपुढे हा धागाच छापून ठेवतो. दोन शंका. छताचं पाणी एका टाकीत साठवून हात धुवायला आणि झाडांना वापरतात, त्याचं काय? आणि कंत्राटदाराला निविदेत नेमकं काय लिहून बांधून घ्यायचं?

---

सूक्ष्मदर्शी

पाण्याची चिंता श्वासापेक्षा खूप कमी. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला लिटरमागे दहा मायक्रॉनपेक्षा लांब ७० लाख तंतू अशी मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादाच घातलेली नाही. टाकीचा गाळ मात्र वाळू देऊ नका. काम चालू असताना टाकीचा पाइप तोडून ठेवा, शेवटी गाळ ओला असतानाच काढून बाकीच्या पिशव्यांबरोबर पाठवा. नवं छत झाल्यावर पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

---

कागदी घोडा

निविदा चौरस फुटावर काढू नका, अख्ख्या पत्र्यावर काढा. काम सुरू व्हायच्या आधी दोघांनी मिळून पत्रे मोजायचे, आधीपासून फुटलेल्यांवर खडूने खूण आणि फोटो. अख्ख्या उतरवलेल्या पत्र्याला पूर्ण दर, काढताना फुटलेल्याला निम्मा. दर असा लावला की मुकादम स्वतःच हातोडा लपवून ठेवतो. मास्क, सूट, व्हॅक्यूम, लिफ्ट या वेगळ्या ओळी. एकत्र दर मागितला की पहिली काटछाट तिथेच होते. विल्हेवाटीचा खर्च शाळेने थेट भरायचा, कंत्राटदारामार्फत नाही. शेवटचे तीस टक्के रांजणगावहून मॅनिफेस्टची सही झालेली प्रत आली, काट्यावरचं वजन आणि तुमची मोजणी जुळली, की मग. साडेपाच टनांच्या जागी चार भरले तर उरलेले तीस-पस्तीस पत्रे कुणाच्या गोठ्यावर आहेत ते त्याला विचारा.